फिरकी आपल्या हातात

(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, मावशी-काकूंनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या पोरींनो,

फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा दोघीतिघी हसल्या. नाकाकानातलं घरच्या घरी कसं घालायचं, कसं बदलायचं, यावर भाषण कशाला? आपला जन्म त्यात गेला. हक्कांच्या बैठकीत रेशन, रोजगार हमी, दारूबंदी, मारहाण यावर बोलायचं सोडून बाई वाळ्या-बुगड्यांवर काय बोलतेय?

मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. बाई ऑपरेशनला येते. तिला सांगितलं जातं, अंगावरचे सगळे दागिने काढा. बांगड्या सरकवते, जोडवी काढते. नाकातल्या चमकीशी आली की थांबते. "ती मला निघत नाही." कुणी घातली? "लग्नात सोनारानं आवळली, तेव्हापासून तशीच हाय." मग सासूला विचारा, नवऱ्याला विचारा, सोनाराला बोलवा. आपल्याच नाकातली वस्तू, पण तिची फिरकी आपल्या हातात नाही. फिरकी हातात नसणं म्हणजे काय, हे आपल्याला बाकी आयुष्यावरून चांगलं कळतं. म्हणून हा विषय.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण "हे पहिल्यापासूनच असं आहे" हे वाक्य आपल्याला फार ऐकवलं जातं.

कान टोचणं फार जुनं आहे. सोळा संस्कारांत कर्णवेध आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय सगळा कानावरच आहे. मूल सहासात महिन्यांचं झालं की टोचावं, मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा आधी. उन्हात धरून पाळीचा पातळ भाग बघावा आणि तिथंच सरळ टोचावं. मग त्यात वात घालावी आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात बदलावी, असं त्यात सांगितलंय. त्याच अध्यायात फाटलेली कानाची पाळी जोडायचे पंधरा प्रकार दिले आहेत. म्हणजे ओघळलेले, फाटलेले कान त्या काळीही होते आणि त्यावर इलाज करणारेही होते.

नाकाचं मात्र वेगळं. आपल्या मराठवाड्याच्या वेशीवर अजिंठा आहे, वेरूळ आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या बायका नीट बघा. कानात मोठमोठी कुंडलं, गळ्यात मोत्यांच्या माळा, दंडात वाकी. नाक मोकळं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस नथीच्या इतिहासावर लेख लिहिला. त्याच सुमारास, १९३८ साली, इतिहासकार अ. स. आळतेकर यांनीही मांडलं की प्राचीन मूर्तींमध्ये नाकातला दागिना दिसत नाही, तो हजारेक वर्षांच्या अलीकडचा. म्हणजे ज्या नथीला आपण सौभाग्याचं मूळ समजतो, ती अजिंठ्याच्या राणीला ठाऊक नव्हती. तिचं सौभाग्य काही अडलं नाही.

पुरुषांचंही बघा. पेशवाईतल्या पुरुषांच्या कानात भिकबाळी असायची. मुलं जगत नसतील तर पाठच्या मुलाचं नाक टोचायचे, त्याला मुलगी समजून मरण चुकेल म्हणून, आणि नाव ठेवायचे नथू. आपल्या आजोबांच्या पिढीत असे नथू गावोगाव होते. पुरुषांचे दागिने हळूहळू ऐच्छिक झाले. आता पोरं पुन्हा एका कानात रिंग घालतात, घरातले थोडं ओरडतात आणि गप्प बसतात. मुलगा घालतो ती हौस, आणि बाई काढते तो अपशकुन. एवढाच फरक आहे, पण केवढा आहे!

दागिना बोलतो. कोण कुठल्या जातीची, लग्न झालेली की नाही, नवरा आहे की गेला, हे सगळं तो बाईच्या अंगावरून सगळ्यांना सांगतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांशी वेगळं बोलणं केलं होतं. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे-चांदीचे गोट ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. लुगडं नेसायची पद्धतही बदला म्हणाले. बायांनी ते तिथल्या तिथं मनावर घेतलं. अंगावरची वस्तू काढून ठेवणं ही केवढी मोठी राजकीय गोष्ट असू शकते, हे आपल्या आज्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलंय.

दुसरी बाजू, हिसकावून घेण्याची. नवरा गेला की बाईच्या अंगावरचं दुसरेच लोक उतरवतात. तिचे हात धरून. बांगड्या दगडावर फोडतात, जोडवी ओढतात, कुठं नाकातलंही काढतात. तिला त्या वेळी कुणी विचारत नाही. मराठवाड्यात गेल्या पंचवीसतीस वर्षांत किती घरांत नापिकी आणि कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला, ते मी तुम्हाला सांगायला नको. त्या घरांत बाईचं सोनं बहुतेक वेळा आधीच सावकाराकडं किंवा बँकेत गेलेलं असतं. उरलेली असते नाकातली फुली. तीही तेराव्याच्या आत काढायची म्हणतात.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकानं सगळं होत नाही, हे आपण जाणतो. पण ग्रामसभेत उभं राहून "हेरवाडनं केलं, आपण का नाही?" असं विचारायला ते हातात असलेलं बरं. चुडाव्याच्या तर नावातच चुडा ऐकू येतो. चुडा फोडायचा नाही, हा ठराव इथं व्हायला काय हरकत आहे?

आता शरीराकडं येते. टाळ्या नंतर वाजवा, हे नीट ऐका.

कानाची पाळी मऊ असते. त्यात चरबी आहे, रक्तपुरवठा चांगला आहे. म्हणून पाळीचं भोक सहा ते आठ आठवड्यांत भरून येतं. पाळीच्या वर, जिथं बुगडी घालतात, तिथं कूर्चा आहे. कुडकुडीत हाड म्हणतो ना आपण, ती. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिला पोसलं जातं. त्यामुळं तिथली जखम भरायला चार महिन्यांपासून वर्षभर लागतं आणि तिथं जंतू शिरले तर औषधही उशिरा पोचतं. नाकपुडीचं भोक वरून दोन-तीन महिन्यांत बरं दिसतं, आतून त्याला आणखी वेळ लागतो.

टोचायचं कुणी? सोनार टोचतो तेव्हा बहुतेक सोन्याची टोकदार तारच आरपार नेतो आणि तिथंच वळवून वाळी करतो. त्याचा हात बसलेला असतो, हे खरं. पण त्याला तीन गोष्टी विचारा. हात साबणानं धुतले का? तार किंवा सुई माझ्यासाठी नवी आहे का, आणि उकळलेली आहे का? आधी कुणाला टोचलेली तीच पुसून माझ्या पोरीला वापरणार नाही ना? एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतो. विचारायला लाजू नका. पैसे आपण देतो.

दुकानात हल्ली बंदूक असते. खट्‌ आवाज झाला की झालं. पाळीला ती बरेच जण वापरतात, पण बुगडीच्या जागी आणि नाकाला बंदूक लावू देऊ नका. बोथट खड्याचं टोक जोरानं आत घुसतं, कूर्चा चिरडते, तडकते. शिवाय प्लास्टिकची बंदूक उकळता येत नाही. तिथं पोकळ, नवी, बंद पुडक्यातली सुई हवी आणि ती टोचणारा माणूस शिकलेला हवा.

बाळाचे कान बाराव्या दिवशी टोचायची घाई करू नका. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसी मिळतात, त्यात धनुर्वात आणि कावीळ ब दोन्ही असतात. ते तीन डोस झाले की मग टोचा. देव रागावत नाही. आणि नाक? नाकाचं मुलीला कळू लागल्यावर तिला विचारून करा. तिनं नको म्हटलं तर नको.

टोचल्यावर काय करायचं? पेलाभर, म्हणजे पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ. दिवसातून दोनदा स्वच्छ कापसानं किंवा धुतलेल्या फडक्यानं शेकायचं, कोरडं करायचं. एवढंच. राख नको, शेण नको, चुना नको. हळद आपल्या स्वयंपाकघराची राणी आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, ताज्या जखमेत ती भरू नका. आणि रोज वाळी गरगर फिरवायची, हा सल्ला आता देत नाहीत. फिरवलं की बाहेरची वाळलेली खपली आत ओढली जाते आणि जखम पुन्हा उघडते.

आता बदलायचं कसं. भोक पूर्ण भरल्याशिवाय बदलायचं नाही, हा पहिला नियम. दुखतंय, ओलं आहे, खपली धरतेय, तर थांबा. लग्न पुढच्या आठवड्यात असलं तरी थांबा.

वेळ काढून, उजेडात बसा. समोर आरसा, मांडीवर किंवा ताटात फडकं, म्हणजे गोळी-फिरकी पडली तर सापडते. मोरीपाशी बसू नका, जाळीतून गेलेलं सोनं परत येत नाही. हात साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या. घालायचा दागिना साधा, भरीव सोन्याचा किंवा स्टीलचा असेल तर पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळा. पण आपले पुष्कळ दागिने आतून लाखेनं भरलेले असतात, ते उकळलं तर लाख वितळून बाहेर येते. मोत्याची नथही उकळायची नाही. तिची तार तेवढी स्पिरिटच्या कापसानं पुसा, वाळू द्या, मोत्याला स्पिरिट लागू देऊ नका.

मग तारेचं टोक तपासा. कापसावरून फिरवा. धागा अडकला तर टोक खरखरीत आहे. ते भोकातून गेलं की आतून ओरखडा काढणार. सोनाराकडं नेऊन घासून आणा, दोन मिनिटांचं काम आहे. तारेची जाडीही बघा. नाकात साधारण ०.८ मिलिमीटरची तार असते, कानात ०.८ ते १ मिलिमीटर. ०.८ च्या भोकात १ ची तार कोंबली तर फरक दिसायला केसाएवढा, पण भोक फाटतं. उलट जड दागिन्याची तार फार बारीक असेल तर ती सुरीसारखी पाळी कापत खाली येते.

कोमट पाण्यानं भोकाची जागा मऊ करा. जुनी वाळी उघडताना तिची टोकं एकमेकांपासून लांब ताणायची नाहीत. तशी ताणली की गोलाई जाते आणि ती परत कधी नीट मिटत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरा, एक टोक आपल्याकडं आणि दुसरं पलीकडं असं पिळा. दार उघडतं तसं उघडेल. मिटताना उलट पिळा. गोळीची रिंग असेल तर गोळी दोन टोकांच्या दाबानं अडकलेली असते, ती धरून रिंग जराशी फाकवली की सुटते. चापाची असेल तर चाप कुठल्या बाजूला उघडतो ते आधी हातात घेऊन चारदा करून बघा, मग कानाशी न्या.

जुनी काढली की नवी लगेच घाला. पाळी दोन बोटांत धरून हलकी ताणा म्हणजे भोक सरळ होतं. भरलेल्या भोकाला पाण्याचा किंवा खोबरेल तेलाचा एक थेंब चालतो. टोक आरपार गेलं की मग वाळीची गोलाई हळूहळू फिरवत आणा. जोड भोकात राहू देऊ नका, बाजूला फिरवून ठेवा.

नाकाचं तंत्र थोडं वेगळं. आधी नाक शिंकरून धुवा. नाकाचं भोक तिरकं असतं आणि आतलं तोंड आपल्याला दिसत नाही. डाव्या नाकपुडीत असेल तर एका हाताची धुतलेली करंगळी आतून टेकवा. दुसऱ्या हातानं टोक बाहेरून आत घाला. करंगळीला टोक लागलं की समजा वाट बरोबर आहे. मग करंगळीच्या आधारानं टोक खाली, नाकपुडीच्या तोंडाशी आणा. फिरकीची चमकी असेल तर आतून फिरकी लावताना बाहेरचं फूल दुसऱ्या हातानं धरून ठेवा. फिरकी आवळायची ती हलेल इतकीच. मांसात रुतेल इतकी नाही. आणि महिन्यातून एकदा स्वतः सोडून, धुऊन, परत घाला. वर्षानुवर्षं न सोडलेल्या फिरकीवर मळ आणि मांस दोन्ही चढतं.

जात नसेल तर? जोर करू नका. थांबा, पाणी लावा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. पूर्वीपेक्षा बारीक तार घालून बघा. तरी गेली नाही तर भोक मिटलंय. नाकाचं भोक आतून काही तासांत, काही दिवसांत आकसतं, त्यात खराट्याची किंवा लिंबाची काडी ठोकू नका. गरिबीत आपल्या आयांनी काडीवर भोकं राखली, त्यांना दुसरं काही मिळत नव्हतं. पण काडीचा कूस आत मोडून राहतो आणि महिनाभर पू होतो. साधी स्टीलची बारीक चमकी आता बाजारात स्वस्तात मिळते.

धातूबद्दलही सांगते. कान खाजतात, लाल होतात, पाणी सुटतं, तर पुष्कळदा कारण निकेल असतं. मुलामा दिलेल्या स्वस्त दागिन्यांत, ज्यांना आपण सगळ्यांनाच बेंटेक्स म्हणतो, मुलाम्याखाली निकेल असू शकतं. मुलामा घासला की ते कातडीला लागतं. एकदा ही ॲलर्जी जडली की जन्मभर राहते. युरोपात १९९४ साली टोचलेल्या कानात घालायच्या वस्तूंतल्या निकेलवर कायद्यानं मर्यादा घातली. आपण निदान नव्या भोकात मुलाम्याचं घालू नये. ज्यांना सोसत नाही त्यांनी टायटॅनियम किंवा २२ कॅरेट सोनं. आणि सोनं घेताना हे लक्षात ठेवा: २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती आली, पण २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ती नाही. आपली चमकी, बाळाची वाळी बहुतेक २ ग्रॅमच्या आतलीच. म्हणजे गरिबाच्या सोन्यावर शिक्का नसला तरी चालतो! म्हणून पक्की पावती मागा, त्यावर कॅरेट लिहून घ्या.

आता धोक्याच्या खुणा. पाळीला थोडी लाली, थोडा पू असेल तर मिठाच्या पाण्यानं शेका आणि डॉक्टरला दाखवा, पण घाबरून दागिना ओढून काढू नका. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. कानाचा वरचा भाग लाल, गरम, सुजलेला, हात लावू देत नाही असा झाला आणि खालची पाळी मात्र ठीक आहे, तर ती कूर्चेच्या आवरणाची लागण. त्याला घरगुती इलाज नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर कूर्चा विरघळते आणि कान कोबीच्या पानासारखा चुरगळतो तो कायमचा. ताप, थंडी, लाली गालाकडं पसरणं, मळसूत्र किंवा फिरकी मांसात गडप होणं, यातही वाट बघायची नाही.

फाटलेल्या कानांबद्दल बोलायलाच हवं. जड झुब्यांनी ओघळलेली, तान्ह्या बाळानं ओढलेली, चोरानं हिसकलेली, आणि खरं बोलायचं तर नवऱ्यानं भांडणात ओढून फाडलेली पाळी मी पाहिली आहे. दवाखान्यात बाई सांगते, "पदरात अडकलं." आपण तिथं दोन प्रश्न जास्त विचारायला शिकलं पाहिजे, आणि नवऱ्याला बाहेर बसवून विचारलं पाहिजे. पाळी फाटली तर ताजी असताना लवकर टाका पडणं बरं. जुनी फाट असली तरी जागा बधिर करून छोटी शस्त्रक्रिया करतात, त्याच दिवशी घरी येता येतं. तीनेक महिन्यांनी शिवणीच्या बाजूला नवं भोक पाडता येतं. आणि मारहाणीतली जखम असेल तर केसपेपरवर तसं लिहून घ्या. तो कागद पुढं कोर्टात बोलतो.

पोरींनो, तुमच्यासाठी. नीटच्या परीक्षेला अंगठी, कानातलं, नाकातली चमकी, साखळी काही चालत नाही. लातूर-नांदेडला शिकवणीला जाणाऱ्या आपल्या भागातल्या किती मुली! वर्ष-दोन वर्षं अभ्यास करायचा आणि परीक्षेच्या दारात चमकी निघत नाही म्हणून रडायचं, पकड शोधायची, नाकातून रक्त काढायचं, असं तुमचं होऊ नये. आदल्या दिवशी घरी, शांतपणे काढा. ऑपरेशनच्या वेळीही तेच. विजेच्या उपकरणानं रक्त थांबवतात तेव्हा अंगावरच्या धातूपाशी भाजायची भीती असते, आणि भूल देताना नाकातला सुटा दागिना घशात जाऊ शकतो. एमआरआयच्या खोलीत तर प्रचंड लोहचुंबक असतं. तिथं नवऱ्याचं आयुष्य चमकीला बांधलेलं नसतं. तिथं आपला जीव टेबलावर असतो.

शेवटी मालकीचं. नाकाकानातलं सोनं हे पुष्कळ बायांच्या नावावरची एकमेव मालमत्ता आहे. घर त्याचं, शेत त्याचं, सातबारा त्याचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधन बाईचंच, नवरा-सासरा ते फक्त सांभाळायला घेतात, परत दिलं नाही तर तो गुन्हा होतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात स्त्रीधन परत देण्याचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. म्हणून प्रत्येकीनं वहीत लिहून ठेवा: कुठला दागिना, किती वजनाचा, कुणी दिला, कधी. पावती असेल तर जोडा, नसेल तर अंगावर घालून फोटो काढा. आणि पेरणीला गहाण टाकायचा असेल तर टाका, घर आपलंच आहे, पण गहाणाच्या चिठ्ठीवर नाव तुमचं हवं.

मी दागिने टाका म्हणायला आले नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या एका शाळेत दक्षिण भारतीय वंशाच्या मुलीनं नाकात छोटी चमकी घातली म्हणून शाळेनं हरकत घेतली. ती आणि तिची आई लढत वरच्या कोर्टापर्यंत गेल्या. २००७ साली तिथल्या घटनापीठानं सांगितलं, की ती तिच्या संस्कृतीचा भाग आहे, शाळेनं तिला सूट द्यायला हवी होती. तिनं घालायचा हक्क मिळवला. हेरवाडच्या बायांनी उतरवू न देण्याचा हक्क मिळवला. महाडला आपल्या आज्यांनी काढून टाकण्याचा निर्णय केला. तिन्ही ठिकाणी बाईनं आपल्या अंगाबद्दल स्वतः ठरवलं.

तर आज आपण चार कामं वाटून घेऊ. एक, गटाच्या पेटीत साबण, स्पिरिट, कापूस, आरसा, बॅटरी आणि एक बारीक चिमटा राहील. दोन, पुढच्या बैठकीला गावात टोचणाऱ्या सोनारालाच बोलवू आणि सुईबद्दल त्याच्याशी गोडीनं बोलू. तीन, स्त्रीधनाची वही प्रत्येक घरात. लिहिता न येणाऱ्या मावशीला शाळेतली पोर लिहून देईल. चार, येत्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडायचा. मांडणार कोण, तिचं नाव आजच ठरवा, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या दहाजणींचीही.

चहा आलाय. चहा झाला की हात धुवायला पाणी ठेवलंय. ज्या मावशींना आपली चमकी पहिल्यांदा स्वतः सोडून बघायची आहे, त्यांनी उजेडाच्या बाजूला बसा. मी शेजारी बसते. हात मात्र तुमचेच चालतील.